शुगर आहे म्हणून दाढ काढायची नाही?

तासगाव तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या पत्राचा हा सारांश. लिहिणाऱ्या ताई 54 वर्षांच्या आहेत. अकरा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. हंगामात बेदाणा शेडवर निवडायला जातात. चौदा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. दसऱ्यापासून पायाच्या मुंग्यांसाठी रात्रीची एक गोळी वाढली. खालची एक दाढ तीन महिन्यांपासून हलते, हिरडीतून अधूनमधून पू येतो, रात्री ठणकते. दाताच्या डॉक्टरांनी ‘काढावी लागेल’ म्हणून सांगितलं. पण गेल्या वर्षी शेजारच्या काकूंची दाढ काढली तेव्हा रात्रभर रक्त येत राहिलं, आणि ‘शुगरवाल्यांचं रक्त गोठत नाही’ हे तेव्हापासून गल्लीत ठरूनच गेलं. मालक म्हणतात, शुगर शंभरावर आल्याशिवाय दाढेला हात लावायचा नाही. पुण्याचा मुलगा म्हणतो, उद्याच काढून टाक. दिवाळीपासून तोंड फार कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते, ठेचा सोसत नाही. म्हणून ताई रात्री उशाशी बेदाणे ठेवून एकेक चघळतात. रक्ततपासणीत शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) 8.4 आली आहे. घरच्या मशीनवर एका संध्याकाळी 312 आकडा दिसला, तेव्हापासून झोप उडाली आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी: रक्त पातळ करायची गोळी त्यांनी आठ दिवसांपासून बंद केली आहे, घरात कुणाला न सांगता, ‘म्हणजे रक्त तरी थांबेल’. त्यांचा प्रश्न असा: दाढ काढू की राहू दे? आणि तोंडात लाळच नसेल तर रक्त थांबणार कसं?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात दाढ आहे, शुगर आहे, लाळ आहे, काकू आहेत. पण मी अडखळले ती शेवटच्या दोन ओळींवर, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. बाकीचं नंतर वाचा. आधी ज्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला त्यांच्या दवाखान्यात फोन लावा आणि सरळ सांगा, ‘आठ दिवस गोळी घेतली नाही, आता काय करू?’ चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या मात्र घेऊ नका. छातीत दाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर फोनाचीही वाट न बघता थेट मोठा दवाखाना गाठा. खालच्या जबड्यातली प्रत्येक कळ दाढेचीच असते असं नाही, हेही तुमच्या बाबतीत लक्षात ठेवायला हवं.

स्टेंट ही धातूची बारीक जाळी. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, तिच्यावर गोळा होऊन गुठळी धरू नये म्हणून ती गोळी असते. दाढेच्या खड्ड्यातून रक्त आलं तर बोळा ठेवून दात घट्ट मिटता येतात. हृदयाच्या नळीत गुठळी झाली तर तिथं बोट कसं ठेवणार? तुम्ही लहान संकट टाळायला मोठ्याच्या वाटेवर जाऊन बसलात. रागावत नाही मी. मी दाताची डॉक्टर, माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांपैकी कितीतरी जण हेच करून येतात आणि वर कौतुकाने सांगतात, ‘मॅडम, आठवडाभर गोळी बंद ठेवूनच आलोय.’ त्यांना वाटतं मी खूश होईन.

खरं तर ॲस्पिरिनसारखी एकच गोळी चालू असेल, तर साधी दाढ काढायला ती बंद करायची गरज सहसा नसते. रक्त नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ पाझरतं, ते आम्ही धरून चालतो. एका वेळी एकच दाढ काढतो, खड्ड्यात विरघळणारा स्पंज ठेवतो, वर टाका घालतो. तुम्हाला एक गोळी होती की दोन, ते पत्रात नाही. दोन असतील, किंवा वॉरफेरिनच्या जातीचं औषध असेल, तर हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर यांनी आपसात बोलून ठरवायचं. वॉरफेरिनवाल्यांची आयएनआर नावाची, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी आधी होते. ठरवणारे ते दोघं. तुम्ही, मी किंवा गल्ली नव्हे.

आता गल्लीत ठरलेली गोष्ट घेऊ. शुगरवाल्यांचं रक्त गोठत नाही, ही समजूत इतकी पक्की आहे की शिकलेली माणसंही ती मला ऐकवतात. मला वाटतं ती पायाच्या जखमेवरून आली असावी. शुगरवाल्याच्या पायाला खिळा लागला की महिने-महिने भरत नाही, हे प्रत्येक घराने पाहिलेलं असतं. त्यावरून ‘जखम बरी होत नाही’चं ‘रक्त थांबत नाही’ झालं. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या घरातलं सगळं भांडण त्या एक समजल्यामुळे चाललंय.

रक्त थांबणं हा मिनिटांचा खेळ आहे. फाटलेल्या जागी प्लेटलेट चिकटतात, मग फायब्रिनचे धागे विणले जातात, जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि जेलीसारखी गुठळी बसते. मधुमेहात हे काम मंदावत नाही, उलट गोठण्याकडेच ओढ जास्त असते. प्लेटलेट लवकर चिकटतात, फायब्रिन ज्यापासून बनतं ते फायब्रिनोजेन रक्तात वाढलेलं असतं, आणि झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा सुस्त पडते. मधुमेह्यांना हृदयविकाराचा आणि लकव्याचा धोका जास्त असतो, त्याचं एक कारण हेच. तुम्हाला स्टेंट लागला तो रक्त गोठत नव्हतं म्हणून लागला का हो?

जखम भरणं हा मात्र आठवड्यांचा खेळ, आणि तिथं शुगर खोडा घालते. रक्तात साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आळसावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, नवं मांस धरायला उशीर लागतो. म्हणून शुगर आटोक्यात आणा असं डॉक्टर सांगतात ते दाढ काढल्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांसाठी. त्या संध्याकाळच्या रक्तासाठी नव्हे.

मग काकूंचं रक्त रात्रभर का थांबलं नाही? मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे ठामपणे सांगणार नाही. पण अशा रात्रीचे फोन मला इतके आलेत की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘थुंकताय का?’ उत्तरही ठरलेलं: ‘हो, सारखं. आणि मिठाच्या पाण्याने गुळण्या पण करतेय.’ तोंडात चमचाभर रक्त आलं आणि त्यात लाळ मिसळली की बेसिन लाल दिसतं, माणूस घाबरतो, आणखी चूळ भरतो, आणि नुकती धरलेली गुठळी चुळीबरोबर निघून जाते. पुन्हा रक्त. असं पहाटेपर्यंत चालू शकतं. हाताच्या जखमेवर खपली वाळून कडक होते, तोंडात ती वाळतच नाही, शेवटपर्यंत मऊ राहते. तिला कुणी छेडलं नाही तरच टिकते. काकू रक्त पातळ करायची गोळी घेत होत्या का, दुखतंय म्हणून मेडिकलमधून कुठली गोळी आणून घेतली होती का, हेही विचारून बघा.

पण काकूंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच खरं बोलल्यासारखं होईल. जुन्या मधुमेहात किडनी थकते. किडनी फार थकली की प्लेटलेट नीट काम करत नाहीत आणि रक्त खरंच जास्त वेळ वाहतं. लिव्हर खराब असेल तरी तसंच, कारण रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं तिथंच बनतात. तेव्हा तुमचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर नवा करून घ्या, सोबत प्लेटलेटची मोजणी. अंगावर न लागता निळे डाग उठतात का, भाजी चिरताना बोट कापलं तर किती वेळ रक्त येतं, नाकाचा घोळणा फुटतो का, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल. यातलं काही असेल तर दाढेच्या डॉक्टरांना आधी सांगा.

आता लाळ. तुमचा हा प्रश्न मला फार आवडला, कारण सहसा कुणी विचारत नाही. विळीवर बोट कापलं की आपण ते आपसूक तोंडात घालतो. यात नुसता धीर नसतो. आम्स्टरडॅममधल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की लाळेत पेशींपासून सुटलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या तरंगत असतात आणि त्यांच्यावर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. रक्त गोठायची साखळी सुरू करणारं ठिणगीसारखं प्रथिन ते हेच. म्हणजे लाळ रक्तात मिसळली की रक्त लवकर गोठतं. पण ती एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते, कारण झालेली गुठळी हळूहळू विरघळवायला लावणारे घटकही लाळेत आहेत. म्हणून तर रक्त पातळ करायच्या औषधांवर असलेल्या रुग्णांना दात काढल्यावर आम्ही कधीकधी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं पाणी तोंडात धरायला देतो. त्याने हे विरघळणं रोखलं जातं.

तर लाळ कमी आहे म्हणून तुमचं रक्त थांबणार नाही, असं होत नाही. दाढ निघाली की फाटलेल्या हिरडीत आणि हाडातच तो टिश्यू फॅक्टर भरपूर असतो, वरून बोळ्याचा दाब असतो, तेवढं पुरतं. लाळेची गरज लागते ती दुसऱ्या दिवसापासून. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती तोंड धुते, आंबटपणा मारते, जंतू आणि बुरशी यांना आवरते, आणि कातडी भरून यायला मदत करणारे घटक जखमेवर सतत सोडत राहते. तोंडातली जखम अंगावरच्या जखमेपेक्षा लवकर भरते त्यात लाळेचा मोठा वाटा आहे. कोरड्या तोंडात ही पाखर नसते. अन्नाचे कण चिकटून राहतात, बुरशी धरते, आणि शुगर चढलेली असली की लाळेतही साखर जास्त उतरते, म्हणजे जंतूंना घरपोच जेवण.

जीभ भगभगणं, ठेचा न सोसणं हे बुरशीचंही लक्षण असू शकतं. आरशात बघा: जिभेवर किंवा गालाच्या आत पुसल्यावर निघणारा पांढरा थर आहे का, ओठांचे कोपरे फाटलेत का. असेल तर दाढ काढायच्या आधीच त्याचं औषध घेता येतं आणि ते सोपं असतं. लाळ खरंच कमी आहे की नुसतं तसं वाटतंय, याची आपल्याकडची परीक्षा म्हणजे भडंग. मूठभर कोरडा भडंग पाण्याचा घोट न घेता चावून गिळता आला तर लाळ अजून बरी आहे. टाळूला चिकटून बसला, पाणी घ्यावंच लागलं, तर डॉक्टरांना तसं सांगा. (दाढ काढल्यावर पंधरवडाभर ही परीक्षा घेऊ नका.)

तोंड कोरडं का पडतं, याला तुम्ही ‘शुगरमुळे’ असं एका शब्दात उत्तर दिलंय. शुगरचा हात आहेच. साखर चढली की लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं. आणि पायाच्या नसांना जे झालंय तेच लाळेच्या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसांनाही होऊ शकतं. पण तुमच्याच पत्रातल्या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. मुंग्यांची गोळी दसऱ्याला चालू झाली आणि कोरडेपणा दिवाळीला वाढला. नसांच्या दुखण्यावर देतात त्यांतल्या काही गोळ्या, विशेषतः ॲमिट्रिप्टिलिन, तोंड सुकवण्यासाठी प्रसिद्धच आहेत. सर्दीच्या गोळ्या, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या बीपीच्या गोळ्या, मधुमेहातल्या लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या, यांच्यानेही कोरड पडते. गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे मांडा आणि विचारा, ‘यातली कुठली तोंड सुकवते? मात्रा कमी किंवा बदल होईल का?’ एक गोळी तुम्ही मनाने बंद करून बसला आहात. ही दुसरी तशी करू नका.

आणि ते उशाचे बेदाणे. ताई, तुम्ही बेदाण्याच्या गावच्या, घरात पाटीने असणार, मला समजतं. पण रात्री झोपेत लाळ सगळ्यांचीच जवळपास बंद असते, तुमची तर आधीच कमी. अशा वेळी चिकट साखर दातांच्या फटीत रात्रभर ठेवणं म्हणजे किडीला आवतण. चहा बिनसाखरेचा आणि रात्रभर बेदाणा, हा हिशेब कसा जुळायचा? शुगरच्या सकाळच्या आकड्यातही तो दिसत असेल. कोरड पडली तर उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा, घोट-घोट घ्या. दिवसा साखर नसलेलं च्युइंगगम दुखऱ्या बाजूला न नेता चघळलं तर लाळ सुटते; चावणं हा लाळेला मोठा इशारा असतो. साधी बडीशेप चालेल, रंगीत साखरेची नको. चिंच, लिंबू, आवळासुपारी सतत तोंडात धरू नका, लाळेचं कवच नसताना आंबटाने दात झिजतात. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

बेदाण्यावरून 312चंही आठवलं. ती संध्याकाळ शेडवरून आल्यावरची होती का? बोटांना फळाची साखर लागलेली असेल आणि तशाच बोटाला सुई टोचली, तर मशीन रक्ताबरोबर ती साखरही मोजतं आणि आकडा भलताच वर जातो. फळं हाताळल्यावर असं होतं हे तपासून पाहिलेलं आहे. सॅनिटायझरवर किंवा स्पिरिटच्या बोळ्यावर भागवू नका. साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून पुन्हा मोजा. निवडणीच्या दिवसांत तुमच्या शेडवरच्या बाकीच्या बायकांनाही हे सांगा. एका चिकट बोटामुळे कुणीतरी जादा गोळी घेऊन बसायचं.

आता तुमच्या मालकांचा शंभराचा आग्रह. ते तुमच्या काळजीनेच म्हणतात, पण हे गणित त्यांच्यापुढे ठेवा. तीन महिन्यांची सरासरी 8.4 म्हणजे दिवसरात्रीचा सरासरी आकडा साधारण 195. बहुतेक मधुमेह्यांसाठी डॉक्टर जे 7 चं लक्ष्य ठेवतात, तेव्हासुद्धा सरासरी आकडा 154 च्या आसपास असतो. सरासरी शंभर म्हणजे रिपोर्टवर 5 च्या थोडं वर, तेवढी तर मधुमेह नसलेल्या माणसाची असते. गोळ्यांवर असलेल्या, स्टेंट बसलेल्या बाईने त्या आकड्यामागे धावलं तर मधूनच शुगर खाली जाऊन चक्कर येऊन पडायची. साधी दाढ काढायला त्या दिवशी शुगर 200 च्या आत असली तर बहुतेक दंतवैद्य तयार होतात. फार वर असेल तर चार-आठ दिवस औषध बदलून खाली आणतात. आणि पू भरून चेहरा सुजला असेल तर आकडा काहीही असो, पू मोकळा करावाच लागतो.

शिवाय हिरडीतला पू स्वतःच शुगर चढवतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार. अंगात कुठंही जंतूंचं ठाणं असलं की इन्शुलिनचं चालत नाही. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना खत घालतात. हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञाने 1993 मध्ये डोळे, किडनी, नसा यांच्या रांगेत हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. हिरड्यांची नीट साफसफाई आणि उपचार झाले तर तीन-चार महिन्यांनी ती सरासरी सुमारे 0.3 ते 0.5 ने उतरते, असं बऱ्याच अभ्यासांतून एकत्रितपणे दिसलंय. गोळी न वाढवता एवढं उतरणं काही थोडं नाही. पू आहे म्हणून शुगर उतरत नाही, शुगर उतरत नाही म्हणून पू तसाच; मालकांची अट पाळायची तर तुम्ही पुढच्या दसऱ्यालाही हीच दाढ धरून बसलेल्या असाल.

मुलाचं ‘उद्याच’सुद्धा मला पटत नाही. सूज नाही, ताप नाही, तोंड उघडतंय, तर आठ-दहा दिवस नीट तयारीला द्या: हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं आणि गोळीचा निर्णय, क्रिएटिनिन-प्लेटलेट, बुरशी असेल तर तिचं औषध, दाढेचा एक्स-रे. जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज आली, गिळता येईना, तोंड उघडेना, थंडी वाजून ताप आला, तर मात्र मुलाचंच ऐका आणि त्याच दिवशी निघा. मिरजेत 1894 मध्ये वानलेस साहेबांनी मिशनचा दवाखाना उभारला तेव्हापासून लांबलांबची माणसं तिथं उपचाराला येतात. तुम्ही तर तासाभराच्या वाटेवर आहात. खर्चाची अडचण असेल तर सांगलीकडच्या दंत महाविद्यालयांच्या दवाखान्यात हे काम कमी पैशांत होतं, आणि तुमच्यासारख्या स्टेंटवाल्या रुग्णासाठी तिथं भुलीचे आणि मेडिसिनचे डॉक्टर विचारायला मिळण्याची सोय बरी असते.

दिवस ठरवताना सकाळची वेळ मागा, आणि कॅलेंडर बघून संकष्टी टाळा. हे थट्टेत सांगत नाही. उपवास धरून, शुगरची गोळी घेऊन माझ्याकडे आलेल्या बाई इंजेक्शनच्या आधीच घामाघूम झालेल्या मी पाहिल्या आहेत. हिरडीत भूल द्यायला उपाशी राहावं लागत नाही. नेहमीची न्याहारी, नेहमीच्या गोळ्या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. पर्समध्ये ग्लुकोजची पूड ठेवा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मशीनवर 70 च्या खाली दिसलं तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आणि डॉक्टरांना दारातूनच सांगा: शुगर, स्टेंट, गोळ्यांची पिशवी.

दाढ निघाल्यावर बोळ्यावर पाऊण तास दात घट्ट मिटून बसायचं. मधे उघडून बघायचं नाही, बोलायचं नाही, आलेली लाळ गिळून टाकायची. चोवीस तास थुंकणं नाही, चूळ नाही, स्ट्रॉने ताक पिणं नाही, गरम चहा नाही. लाळेत दिवसभर गुलाबी छटा राहील, ते चालतं. उशाला दोन उशा घ्या. ताजं लाल रक्त तोंडात साठतच राहिलं तर स्वच्छ बोळा ओला करून पिळून अर्धा तास दाबा, पुन्हा एकदा अर्धा तास. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन, रात्र असली तरी. त्या दिवशी जेवण टाळू नका, नाहीतर गोळीने शुगर खाली जाईल: कोमट मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, दही, गार झालेली आंबील. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी तोंडात धरून हळूच सोडायचं, खळखळ नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. इबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मनाने घेऊ नका, तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर त्यांनी रक्तस्राव वाढतो आणि किडनीवर ताण येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत चढलं, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निसटून खड्डा कोरडा पडला असेल किंवा जंतू धरले असतील. दाखवा.

खड्ड्यात हळद भरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. सांगलीच्या हळदीचा मला अभिमान आहे, भाजीत रोज घालते. पण दळलेली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण त्या मऊ गुठळीत अडकून बसतात. मग ते काढताना गुठळीच निघते. लवंगेच्या तेलाचा बोळाही उघड्या जखमेवर नको, पोळतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, म्हणून मीच विचारते. मिशरी लावता का? पत्रात नसली तरी हिरडीत ती दिसते. लावत असाल तर लाजू नका, आपल्या भागात कितीतरी घरांत सासूने सुनेला दिलेली ती सवय आहे. पण तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आवळतो, दाढा हलायला तीही कारण असते, आणि खड्डा कोरडा पडायचा धोका तिने वाढतो. निदान आधी चार दिवस आणि नंतर दोन आठवडे डबी घरातून बाहेर ठेवा. तेवढे दिवस निभले तर पुढचं आपण वेगळ्या पत्रात बोलू.

आणि त्या बंद केलेल्या गोळीचं आज रात्रीच मालकांना सांगा. ते रागावतील. सांगताना माझं हे उत्तर त्यांच्याच हातात द्या, म्हणजे शंभराचं गणितही त्यांना त्यातच सापडेल. दाढ निघाल्यावर काकू विचारपूस करायला येतीलच. त्यांना निरोप धाडा की दुसऱ्या दिवशी या, पहिल्या दिवशी तोंड उघडायची मनाई आहे.